मुठीतली चौकट : शिकारी सुरीच्या कारागिरीचा मागोवा

विजयादशमीच्या दिवशी आपल्या जुन्या घराण्यांत शस्त्रपूजा होते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गाव कोणतेही असो, पाटावर मांडलेल्या शस्त्रांत पहिला मान तलवारीचा, दुसरा कट्यारीचा. कडेला बहुधा एखादी आखूड सुरी असते. तिला स्वतंत्र नाव नसते. ‘शिकारीची सुरी’ एवढेच सांगितले जाते. तलवारीसंबंधी घरात एखादी कथा असते, कट्यारीसंबंधी एखादा वाद असतो. सुरीसंबंधी काहीच नसते. तिच्याकडे पाहावयाचे झाले तरी आपण पात्याकडे पाहतो, धारेवरून अंगठा फिरवतो आणि पुन्हा म्यानात घालतो. मुठीकडे आपले लक्ष जात नाही.

आमचे म्हणणे असे की, सुरीचा इतिहास पाहावयाचा तर तो मुठीपासून पाहिला पाहिजे. पाते कोणत्या पोलादाचे, हा धातुशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्यावर गेल्या दोनशे वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते पाते हातात टिकून राहावे म्हणून कारागिराने आत काय केले, हे मुठीच्या पोटात दडलेले असते. मूठ बदलली की ते ज्ञान गेले. आपल्या घरांत नेमकी मूठच बदलली जाते. म्हणून हा विषय वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

प्रथम शिकारी सुरीचे काम ध्यानात घेऊ. कट्यार भोसकण्यासाठी, तलवार वार करण्यासाठी. दोहोंचे काम क्षणाचे. शिकारी सुरीचे काम त्याहून लांब आणि कष्टाचे. जनावर पडल्यावर त्याचे पोट उघडावयाचे, कातडे न फाडता सोडवावयाचे, सांधे तोडावयाचे, प्रसंगी मुक्कामाच्या तळावर फांद्या छाटावयाच्या. हात रक्ताने व चरबीने निसरडे झालेले असतात. अशा हातात सुरी फिरता कामा नये, आणि पिळली गेली तरी मुठीत खुळखुळता कामा नये. पाते बोथट झाले तर दगडावर घासून धार येते. मूठ ढिली झाली तर त्या सुरीचा रानात काही उपयोग नाही. म्हणून या शस्त्रात मुठीची बांधणी हीच खरी परीक्षा होय.

पाते मुठीत बसविण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली रीत आपल्या तलवारींची. पात्याचे मागील टोक निमुळत्या शेपटासारखे काढावयाचे, पोकळ मुठीत राळ व लाख यांचे तापविलेले मिश्रण भरावयाचे आणि ते शेपूट त्यात दाबून थंड होऊ द्यावयाचे. ही रीत सोपी, जलद आणि दुरुस्तीस सोयीची. मूठ तापविली की पाते सुटते. म्हणूनच एकाच जुन्या पात्याला तीन पिढ्यांत तीन मुठी बसलेल्या आढळतात. हिचा दोष असा की, उन्हाने व वयाने लाख ठिसूळ होते आणि पाते हलू लागते.

दुसरी रीत घरगुती सुऱ्यांची. पात्याचे लोखंड मुठीच्या पूर्ण रुंदीने शेवटपर्यंत न्यावयाचे आणि दोन्ही बाजूंस लाकडाच्या, शिंगाच्या किंवा हाडाच्या फळ्या ठेवून आरपार खिळे ठोकावयाचे. ही मूठ मजबूत खरी. परंतु लोखंडाची कड चारी बाजूंनी उघडी राहते. घाम, रक्त व पावसाचे पाणी त्या फटीत शिरते, आतून गंज धरतो आणि फळ्या फुगून उचलल्या जातात. शिवाय सारी मूठ पोलादाची असल्यामुळे सुरीचा तोल मागे जातो.

तिसरी रीत चौकटीची. आजच्या अमेरिकी सुरीकारांत ती ‘फ्रेम हँडल’ या नावाने ओळखली जाते, आणि हाताने सुऱ्या घडविणाऱ्यांत ती कसबाची खूण समजली जाते. हिच्यात वरील दोन्ही रीतींचा मेळ आहे. पात्याचे शेपूट पहिल्या रीतीप्रमाणे अरुंदच ठेवावयाचे. पण ते लाखेत न बुडविता, मुठीच्या आकाराच्या एका धातूच्या चौकटीत बसवावयाचे आणि त्या चौकटीच्या दोन्ही अंगांस फळ्या जडवावयाच्या. बाहेरून पाहणाऱ्यास मूठ दुसऱ्या रीतीची वाटते; कडेने धातूची एकसंध रेघ दिसते. परंतु ती रेघ पात्याची नसते, चौकटीची असते. पाते आत सुरक्षित असते.

ही मूठ कशी घडते, ते जरा सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण पुढील विवेचन त्यावरच उभे आहे.

कारागीर प्रथम पाते घडवितो. साध्या कर्बयुक्त पोलादाची पट्टी भट्टीत तापवून ऐरणीवर टोकाकडून ओढली जाते, मग धारेची बाजू, मग शेपूट. पाते व शेपूट जेथे मिळतात तेथील आतला कोपरा काटकोनात ठेवीत नाहीत. कानशीने तो वाटोळा करतात. काटकोनी कोपऱ्यात सारा ताण एका रेषेवर येतो आणि पाणी देताना किंवा पुढे वापरात तेथूनच तडा जातो. नवशिक्याची सुरी मोडते ती बहुधा याच जागी.

त्यानंतर पात्यास पाणी देणे. पोलाद तांबडेलाल होऊन सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या किंचित वर गेले की ते तेलात बुडवितात. जुन्या लोहाराची नजर हाच तापमापक होता. आजचा हौशी कारागीर लोहचुंबक जवळ ठेवतो, कारण सुमारे ७७० अंशांवर लोखंड चुंबकास चिकटेनासे होते आणि तेथून थोडे वर गेले की योग्य घटका आली असे समजते. पाणी दिलेले पाते काचेसारखे कठीण पण ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा सुमारे २०० अंशांपर्यंत मंद तापवून पाणी उतरवितात. घासलेल्या पृष्ठावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढला म्हणजे ते काम झाले. शेपूट मात्र मुद्दाम मऊ ठेवतात. धार कठीण हवी, पण जे मुठीत जाते ते वाकले तरी मोडता कामा नये.

आता चौकट. साधारण पाव इंच जाडीची मऊ लोखंडाची किंवा जर्मन सिल्व्हरची पट्टी घेऊन तिला मुठीची बाह्याकृती देतात. तिच्या पुढच्या टोकातून आत खाच कापतात; शेपूट त्या खाचेत सरकते. ही खाच शेपटाहून तसूभरही रुंद असून चालत नाही. दोन्ही बाजूंनी उजेड दिसेनासा होईपर्यंत कारागीर काजळी लावून, घालून, काढून, जेथे काजळी पुसली तेथे कानस मारून ती जुळवितो. पाते व मूठ यांच्या मधली आडपट्टी शेपटावरून आधीच सरकवून ठेवलेली असते. तिच्या पाठीशी चौकट घट्ट टेकली पाहिजे. मग दोन्ही अंगांस फळ्या लावून फळी, चौकट, शेपूट, चौकट, फळी असे आरपार वेज पाडतात आणि त्यातून खिळे नेतात. खिळ्याचे तोंड हलक्या हातोडीने फुलवून घासले की ते फळीत मिसळून जाते. शेवटी चौकटीच्या उघड्या कडेवर कानशीने वेलबुट्टी काढण्याची प्रथा आहे. ती केवळ शोभेची नाही. ओल्या हातास त्या खाचांची पकड मिळते.

या रीतीने काय साधले? फळ्या मऊ धातूच्या चौकटीवर बसल्या, पात्याच्या कठीण पोलादावर नव्हेत. त्यामुळे पात्यास पाणी देण्याचे काम आणि मूठ सजविण्याचे काम एकमेकांपासून वेगळे झाले. चौकट पात्याहून निराळ्या धातूची करता आली. शेपूट अरुंद राहिल्याने पोलादाचा भार मागे साठला नाही. पाणी आत शिरण्याची वाट बंद झाली. मात्र या साऱ्याची किंमत कारागिराच्या वेळात मोजावी लागली. पहिल्या रीतीत मुठीचे काम घटकाभरात होते; चौकटीचे काम पात्याहून अधिक दिवस घेते.

अमेरिकेत ही कला मेली होती आणि पुन्हा जिवंत झाली, हेही येथे सांगितले पाहिजे. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीच्या वाळूतटावर झालेल्या एका झटापटीत जिम बोवी याने आपल्या सुरीने जीव वाचविला, आणि त्याच्या नावाची मोठी सुरी देशभर गाजली. आर्कान्सामधील वॉशिंग्टन या लहानशा गावचा लोहार जेम्स ब्लॅक याच्या नावे ज्या जुन्या सुऱ्या सांगितल्या जातात, त्यांतील काहींच्या लाकडी मुठीच्या कडेने चांदीची पातळ पट्टी फिरविलेली आहे. पुढे यंत्राच्या सुऱ्या आल्या आणि हाताने घडविण्याची विद्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ लोपली. १९७३ साली बिल मोरान या सुरीकाराने पदरी पोलादाच्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या. १९७६ साली त्याने व त्याच्या साथीदारांनी ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ स्थापली. तिची परीक्षा आजही विलक्षण आहे: उमेदवाराने स्वतः घडविलेल्या एकाच पात्याने मोकळी लोंबती दोरी एका घावात तोडावयाची, इमारती लाकडाची जाड फळी दोनदा छाटावयाची, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस काढावयाचे आणि अखेरीस तेच पाते शेगड्यात धरून काटकोनात वाकवावयाचे, ते तुटता कामा नये. एक विस्मृत विद्या मंडळ काढून, शिष्य घेऊन, परीक्षा लावून अर्ध्या शतकात उभी करता येते, याचे हे उदाहरण आहे.

आता आपल्या घरच्या सुरीकडे वळू.

पेशकबज हे शस्त्र आपल्या वाचकांस अपरिचित नाही. इराणी व मोगली परंपरेतून ते दक्षिणेत आले आणि मराठी दरबारांतही रूढ झाले. त्याची पाठ जाड, पाते निमुळते आणि मूठ हस्तिदंताची, शिंगाची किंवा हाडाची असते. त्याचीच जवळची भावंडे म्हणजे सरळ पात्याची कर्द व अफगाणी छुरा. यांपैकी चांगल्या घडणीचा एखादा नमुना हाती आला तर मूठ कडेने पाहावी. दोन फळ्यांच्या मधून धातूची एक पट्टी मुठीच्या माथ्यावरून व पोटावरून फिरलेली दिसते. पुष्कळांस वाटते की ते पात्याचेच लोखंड होय. अनेक नमुन्यांत तसे नसते. पात्याचे शेपूट फळ्यांपेक्षा अरुंद असते, आणि कडेची मोकळी जागा वेगळ्या पट्टीने बंद केलेली असते. त्या पट्टीवर कोरीव काम किंवा सोन्याची कोफ्तगिरी असते.

असे का केले असावे, हे कोफ्तगिरीच्या रीतीवरून उलगडते. त्या कामात लोखंडाचा पृष्ठभाग बारीक छिन्नीने उभाआडवा खरवडून घेतात आणि त्या खरखरीत पृष्ठावर सोन्याची तार ठोकून बसवितात. हे काम मऊ लोखंडावर नीट होते. कठीण पोलादावर छिन्नी सरकते. म्हणून कठीण पात्यास मऊ पट्टीची जोड दिली की पाते करणारा आणि सोने चढविणारा असे दोन कारागीर आपापल्या जागी निर्वेधपणे काम करू शकत. अमेरिकी कारागिराने चौकट का वापरली, तर कठीण व मऊ यांची कामे वेगळी करण्यासाठी. आपल्याकडे पट्टी का आली, तर त्याच कारणासाठी. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे आम्ही म्हणत नाही. अडचण एक असली की दूरदूरच्या हातांस उपायही सारखे सुचतात, एवढेच यातून दिसते. परंतु तिकडे या मुठीला नाव आहे, शिकविणारे आहेत, परीक्षक आहेत. आपल्याकडे तीच गोष्ट संग्रहालयाच्या कपाटात ‘पेशकबज, हस्तिदंती मूठ’ एवढ्या चिठ्ठीखाली पडून आहे.

पोलादाची कथाही अशीच दोन तीरांवरची आहे, आणि ती हैदराबादकडील वाचकांच्या अगदी अंगणातली आहे. निजामाच्या राज्यात, आजच्या तेलंगणातील निजामाबादकडे, कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मुशीत पोलाद तयार होत असे. मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील शल्यवैद्य व भूशास्त्रज्ञ हेन्री वॉयसी याने ते काम डोळ्यांनी पाहून टिपून ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. दोन निरनिराळ्या ठिकाणचे लोखंड एकत्र करून मुशीत घालीत, मूस मातीने बंद करीत आणि भट्टीत दीर्घकाळ तापवून सावकाश निववीत. वॉयसीला तेथे इस्फहानहून आलेला एक इराणी व्यापारी भेटला; तो माल स्वतः उभा राहून पारखून घेत असे. इराणी पात्यांची कीर्ती ज्या पोलादावर उभी होती, त्यातील मोठा वाटा अशा रीतीने दख्खनच्या खेड्यांतून जात होता.

दक्षिणेकडे सेलम व म्हैसूर भागातही हीच विद्या होती. तेथे मुशीत लोखंडाबरोबर तरवडाच्या काटक्या घालीत आणि वर रुईची हिरवी पाने झाकीत, असे एकोणिसाव्या शतकातील निरीक्षकांनी लिहिले आहे. बंद मुशीत त्या वनस्पतींचा कोळसा होई आणि त्याचा कर्ब लोखंडात उतरे. तरवड आणि रुई ही आपल्या माळावरची, बांधावरची झाडे. एक दातवणाची, दुसरी मारुतीच्या माळेची. त्यांच्या काटकीपानांतून जगातले एक उत्तम पोलाद निघत होते.

या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. तिला जौहर म्हणतात. ती पदर जोडून आणलेली नसते, धातूच्या अंगातूनच येते. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट याने या पोलादाचे नमुने लंडनला पाठविले आणि ‘वूट्झ’ हे नाव युरोपात गेले. १८२० च्या आगेमागे मायकेल फॅरडे व सुरीकार जेम्स स्टोडार्ट यांनी त्यावर प्रयोग केले. रशियात अनोसोव्ह याने १८४१ साली आपल्या प्रयत्नांचा वृत्तान्त छापला. तरीही नक्षीचे मर्म पुष्कळ काळ निसटत राहिले. १९९८ साली जॉन व्हर्हूव्हेन हा धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हा फ्लोरिडातील नालबंद व सुरीकार यांनी आपल्या सहकाऱ्यासह दाखवून दिले की, विशिष्ट खनिजातून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश त्या लाटा घडवून आणतो. त्याच खनिजाचे लोखंड मिळेनासे झाले की जुन्या हातांनी जुन्याच रीतीने काम करूनही नक्षी उमटणार नाही, असे त्यांचे अनुमान आहे. एक विद्यापीठातला प्राध्यापक आणि एक घोड्यांना नाल मारणारा लोहार यांनी एका टेबलाशी बसून हे कोडे सोडवावे, ही गोष्ट आम्हांस पोलादाइतकीच मोलाची वाटते.

आणि आपल्याकडचे लोहार? त्यांची नावे काय? येथे शिकारी सुरीचे महत्त्व पुन्हा ध्यानात येते. तलवारीवर धन्याचे नाव असते, कधी बादशहाचे, कधी किल्ल्याच्या शस्त्रागाराचे, घडविणाऱ्याचे क्वचित. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मात्र दोन नावे सुऱ्यांवर व डुकराच्या शिकारीच्या भाल्यांवर ठळक उमटलेली दिसतात. एक सेलमचा अरुणाचलम आणि दुसरा औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बोदराज. मूळ नाव बोधराज असावे. ही नावे रोमन अक्षरांत आहेत, कारण गिऱ्हाईक इंग्रज होते. औरंगाबादेस हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारणे हा त्या अधिकाऱ्यांचा आवडता खेळ. त्यांच्या लिखाणात या कारागिरांची वाखाणणी आढळते आणि त्यांच्या शिक्क्याच्या सुऱ्या आजही परदेशी लिलावांत निघतात.

यातील विसंगती दृष्टीआड करता येत नाही. आपल्या राज्यकर्त्यांच्या व्यवस्थेत अठरा कारखाने मोजले जात. त्यांत शिकारखाना होता आणि शस्त्रांचा जिरायतखानाही होता. म्हणजे सुऱ्या लागत होत्या, घडत होत्या, नोंदल्या जात होत्या. हत्यार सरकारचे, नाव सरकारचे. हात मात्र अनामिक. बोदराजाचे नाव उरले ते परक्या गिऱ्हाइकाला कारागिराचे नाव विचारण्याची सवय होती म्हणून. गुण आपल्याकडे होता. गुणाची नोंद ठेवण्याची सवय नव्हती.

त्यानंतरचा काळ झपाट्याने उतरता आहे. शेफील्डच्या कारखान्यांतील सुऱ्या बाजारात आल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तलवार, भाला, खंजीर यांवर परवान्याचे बंधन घातले. मुशीच्या पोलादाच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विझत गेल्या. उरलेला शिकारीचा छंद संस्थानांच्या आश्रयाने टिकला. पण त्या शिकारींत विलायती बंदुकीबरोबर विलायती सुरीही आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते युग संपविले, आणि ते संपले हे योग्यच झाले. रानातील जीव उरले नाहीत तर कोणत्याही कारागिरीचे कौतुक पोकळ ठरेल. परंतु शिकार संपली म्हणून तिच्या हत्यारांत साठलेली विद्याही टाकून द्यावी, असे त्यातून निघत नाही.

ती टाकून दिली म्हणजे काय होते, याचा दाखला तंजावरचा आहे. भोसल्यांचे ते राज्य १८५५ साली इंग्रजांनी खालसा केले. राजवाड्यातील शस्त्रागार प्रचंड होते. १८६३ च्या सुमारास ते मोडण्यात आले. निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयाकडे गेल्या. उरलेल्या शस्त्रांचे ढीग मोडीच्या भावाने विकले गेले. एम. जे. वॉलहाउस या मुलकी अधिकाऱ्याने १८७८ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त या शस्त्रांविषयी लिहून ठेवले. पुढे तंजावरची काही शस्त्रे अमेरिकी संग्राहक जॉर्ज कॅमेरॉन स्टोन याच्या हाती आली आणि १९३५ च्या त्याच्या मृत्युपत्रान्वये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात गेली. तंजावरच्या मराठी मुठीची बांधणी अभ्यासावयाची तर आज मद्रासला, म्हणजे चेन्नईला, जावे लागते, नाहीतर न्यूयॉर्कला. भंगारात गेलेल्यांचा अभ्यास कोठेच होणार नाही.

तंजावरचे शस्त्रागार परक्या सत्तेने मोडले. आपल्या घरातील लहानसे शस्त्रागार मात्र आपणच मोडीत असतो, आणि तेही भक्तिभावाने. दसरा जवळ आला की सुऱ्या काढतात आणि पॉलिश कागदाने चकचकीत घासतात. त्यात वर्षानुवर्षे कोफ्तगिरीचे सोने निघून जाते आणि जौहर पुसट होतो. मूठ हलते म्हणून ती शेगडीवर तापवितात. फार तापली की पात्याचे पाणी उतरते आणि शतकाची मेहनत घटकेत वाया जाते. तडकलेल्या शिंगाच्या फळ्या फेकून सनमायकाच्या किंवा चकचकीत पितळेच्या बसवितात. पुढच्या पिढीच्या हाती सुरी येते ती पाते जुने आणि मूठ परवाची अशी. कारागिराची खरी स्वाक्षरी मुठीत होती, ती गेली.

म्हणून आमची विनंती साधी आहे. सुरी घासू नका. मऊ कापडाने पुसून तिच्यावर तेलाचा पातळ हात फिरवा. मूठ ढिली असली तर ढिली राहू द्या. कडेने पाहा: फळ्यांच्या मधली पट्टी पात्याशी एकजीव आहे की वेगळी आहे? खिळे किती, कोणत्या धातूचे? पात्याच्या मुळाशी एखादी अक्षरखूण, एखादा शिक्का आहे का? पात्यावर तिरपा उजेड पाडला तर लाटा दिसतात का? जे दिसेल त्याची छायाचित्रे घ्या आणि ती सुरी घरात कोणाकडून, केव्हा आली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर उतरवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या, घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या नसलेल्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात, आणि हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. तेव्हा या दोन्ही बाबींची चौकशी वेळीच केलेली बरी. त्या भीतीने वस्तू विहिरीत टाकण्याचे कारण नाही.

दूरच्या प्रांतांत राहूनही आपण भाषा राखली, कुळाचार राखले, बखरी व मोडी कागद राखले. त्या कागदांत लढायांची, सनदांची, देण्याघेण्याची नोंद आहे. लोहाराची नोंद फारशी नाही. ती नोंद त्याने स्वतःच, त्याला येत असलेल्या एकाच लिपीत, लोखंड व शिंग यांच्या जोडात करून ठेवली आहे. मोडी वाचणारे आपल्यात थोडे उरले म्हणून आपण हळहळतो. ही दुसरी लिपी वाचावयास तर शाळाही लागत नाही. थोडा तिरपा उजेड, जाड भिंगाचा एक काच आणि घाई नसलेली एक दुपार पुरे आहे.